धुराने डास हटतील, डबके हटणार नाही

पावसाळा लागला की जानेफळ असो वा मेहकर तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव, दिवेलागणीला एकच चित्र दिसते. घमेल्यात गोवऱ्या पेटवायच्या, वर निंबाचा ओला पाला टाकायचा आणि घर धुराने भरायचे. कोणी कापूर जाळतो, कोणी लसूण खातो. एवढे करूनही वस्तीत घरोघरी ताप येतोच. असे का?

परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तीच कसोटी इथे लावू. धूर असेपर्यंत डास दूर राहतात, हे खरे. पण ते मरत नाहीत. धूर विरला की परततात. मधल्या वेळात तो धूर आपल्या लेकरांच्या छातीत जातो. लसूण खाल्ल्याने डास चावत नाहीत, हे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही. मुख्य म्हणजे डेंग्यू, चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. संध्याकाळचा धूर त्याला कसा अडवणार?

हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ सालीच दाखवून दिले. तरीही २००६ मध्ये चिकुनगुनियाने महाराष्ट्रात गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली. हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी बुडाली, ती कोणी भरून दिली?

डास जन्मतो पाण्यात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एडिसला तर साठवलेले स्वच्छ पाणीच लागते. ज्याच्या नळाला रोज पाणी येते, त्याला ड्रम आणि रांजण भरून ठेवावे लागत नाहीत. ज्याला चार-चार दिवस वाट पाहावी लागते, त्याच्याच घरात डास वाढतो. मग दोष त्याच्या अस्वच्छतेचा की पाणी वाटणाऱ्या व्यवस्थेचा? चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपल्या हातात आहे ते आजच करू. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून आतून घासू, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. ड्रमला झाकण किंवा कापड बांधू. जुने टायर, फुटके डबे हटवू. लेकरांना दिवसाही मच्छरदाणीत निजवू. ताप आला तर अंगारा न लावता रक्त तपासून घेऊ.

पण उघडे गटार एकट्या घराने बुजत नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च व्हायची असते. ती कुठे गेली, आपल्या वस्तीची नाली कधी होणार, हे पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा. उत्तर लेखी मागा. बायाबापड्यांना सोबत न्या. रात्रभर लेकराच्या उशाशी त्याच जागतात.

निंबाचा धूर डोळ्यांत पाणी आणतो. डबके मात्र जाब विचारल्याशिवाय आटणार नाही.