खंबीर नवऱ्यांनो, थोडे बोला!

“नवरा मोठा खंबीर हो! डोळ्यांतून टिपूस काढले नाही.” बायकोच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की नवऱ्याला हे प्रशस्तिपत्र हमखास मिळते. माझे स्पष्ट मत असे की, ते फाडून टाकावे.

हा खंबीर गृहस्थ करतो काय? पैशांची जुळवाजुळव करतो, औषधे आणतो, डबा पोचवतो. ही कामे मोलाची आहेत, नाही कोण म्हणतो? पण पट्टी सोडायची वेळ आली की स्वारी व्हरांड्यात! जखमेतले पाणी नळीवाटे साठते. ते रोज मोजून, लिहून ठेवून टाकावे लागते. ते काम मेहुणीकडे. जखम पाहण्याची भीती वाटणे हा गुन्हा नव्हे. पण ती मौनाखाली दडवली की खाटेवरची बाई त्या मौनाचा एकच अर्थ लावते: आता मी यांना नकोशी झाले.

“तिला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही,” असे हे गृहस्थ सांगतात. तीही त्यांच्यासाठीच गप्प असते. दोघे एकमेकांना जपतात आणि दोघेही एकटे पडतात. याला का जपणे म्हणायचे?

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्या काळी या रोगात स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढून टाकण्याची रीत होती. पुढे इटलीचे डॉ. वेरोनेसी यांनी १९८१ साली आणि अमेरिकेचे डॉ. फिशर यांनी १९८५ साली दाखवून दिले की, गाठ लहान असताना सापडली तर पुष्कळदा तेवढीच काढून किरणोपचार दिले तरी आयुष्य कमी होत नाही. शस्त्रक्रिया एवढी बदलली. नवरा मात्र १९४१ सालचाच राहिला! डॉक्टर पर्याय समजावू लागले की हा मध्येच म्हणतो, “काय ते काढून टाका.” अहो, शरीर कोणाचे? तिला विचारा, तिच्या शेजारी बसून ऐका.

काखेतल्या ग्रंथी काढल्या की त्या बाजूचा हात आखडतो, कधी सुजतो. भिंतीवर बोटे चढवीत तो हळूहळू वर न्यायचा व्यायाम असतो. तेव्हा शेजारी उभे राहा. झोप उडाली असेल तर मित्राला सांगा, डॉक्टरांना सांगा. रडू आले तर तिच्याजवळच रडा.

पाडव्याला ती ओवाळील. ताट पेलताना हात भरून आला तर खालून आपला हात लावा. ओवाळणी मग घाला.