ग्रंथांचा घसारा

जुन्या पुस्तकांच्या बाजारात प्रत्येक विषयाची पत निराळी असते. गणिताच्या वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकालाही गिऱ्हाईक भेटते, कारण अवकलनाचे नियम बदललेले नसतात. कायद्याच्या पुस्तकाचा भाव एखादी दुरुस्ती संमत होताच उतरतो. संगणकाची पुस्तके, आणि त्यातही वेब ॲप्लिकेशन कसे लिहावे हे शिकवणारी पुस्तके, या बाजाराच्या अगदी तळाशी असतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात काय किंवा मुंबईच्या फोर्ट भागातील पदपथांवर काय, असे सहा-सातशे पानांचे ग्रंथ मूळ किमतीच्या अल्पशा अंशात हाती पडतात. आणि घेणारा बहुधा तोच विद्यार्थी असतो, ज्याला नवे पुस्तक परवडत नाही. सौदा स्वस्तात झाला या आनंदात तो घरी जातो. त्याने नेमके काय विकत घेतले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

यंत्राच्या झिजेला अर्थशास्त्रात घसारा म्हणतात. तांत्रिक ग्रंथांनाही घसारा असतो. फरक एवढाच की, येथे कागद झिजण्यापूर्वी मजकूर झिजतो. पण हा घसारा एकाच दराने होत नाही. एकाच पुस्तकाचे तिसरे प्रकरण तीस वर्षे टिकावे आणि सातवे प्रकरण पुस्तक छापून होईपर्यंतच शिळे व्हावे, असे येथे सर्रास घडते. हा भेद विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही, आणि पुस्तक तर स्वतःहून सांगतच नाही. छापील अक्षराचा दरारा असा की सर्व पाने सारख्याच अधिकाराने बोलतात.

पीएचपीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसृत केलेली ही भाषा फुकट होती आणि शिकण्यास सोपी होती. मायएसक्यूएल या डेटाबेसशी तिची जोडी जमली आणि आपल्याकडील अनेक अभ्यासक्रमांतही ती रुजली. त्या काळातील पुस्तकांत डेटाबेसशी बोलण्यासाठी फंक्शनांचा एक विशिष्ट संच वापरलेला असे. त्याहून चांगली सोय २००४ पासून उपलब्ध होत गेली. २०१३ मध्ये जुना संच त्याज्य ठरवण्यात आला आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून तो काढूनच टाकण्यात आला. साहजिकच जुन्या पुस्तकातील उदाहरण जसेच्या तसे आजच्या संगणकावर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरी चुकीचा संदेश पडतो. आपलेच काहीतरी चुकले असे समजून तो रात्रभर स्वल्पविराम तपासत बसतो. चूक त्याची नसते. पुस्तकातील भाषा आणि संगणकातील भाषा यांच्या ‘आवृत्त्या’ जुळत नसतात, एवढेच. (मराठीत दोहोंनाही आवृत्ती हाच शब्द आहे, हा योगायोग गोंधळात भर घालणारा खरा.)

पण हे संकट सौम्यच म्हटले पाहिजे. न चालणारे उदाहरण निदान लपून राहत नाही. खरा धोका आहे तो चालणाऱ्या जुन्या उदाहरणाचा. वापरणाऱ्याने चौकटीत भरलेले नाव जसेच्या तसे डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत चिकटवून टाकायचे, ही पद्धत कितीतरी पुस्तकांनी सोपेपणासाठी शिकवली. कार्यालयातील माणसाला तिच्यातील धोका चटकन कळेल. अर्जातील नावाच्या रकान्यात अर्जदाराने आपल्या नावापुढे ‘मंजूर, रक्कम अदा करावी’ असेही लिहून ठेवावे आणि कारकुनाने तो साहेबांचा शेरा समजून कागद पुढे पाठवावा, तसे हे आहे. नाव कोठे संपते आणि हुकूम कोठे सुरू होतो, हे संगणकाला कळत नाही. आणि ज्याला ही खोड ठाऊक आहे तो चौकटीत नावाऐवजी हुकूमच टाइप करतो. यावरील उपाय अवघड नाही. आज्ञेचा साचा आधी पक्का करायचा, नाव मागाहून आणि केवळ नाव म्हणूनच द्यायचे. पण जुन्या पुस्तकाच्या आधारे शिकलेला हात हा उपाय आपोआप करीत नाही. पासवर्ड साठवण्याचेही तेच. एमडी५ नावाच्या ज्या पद्धतीने तो झाकून ठेवायला ही पुस्तके शिकवीत, ती आजच्या यंत्रांच्या वेगापुढे झाकण म्हणण्याच्याही लायकीची राहिलेली नाही. अशा शिक्षणावर पदवी मिळवलेला तरुण उद्या एखाद्या पतपेढीचे वा शाळेचे काम घेईल, तेव्हा पुस्तकाच्या घसाऱ्याची किंमत खातेदार आणि विद्यार्थी मोजतील.

मग पुस्तके टाकून द्यावीत काय? तसे म्हणणाऱ्यांची आज वाण नाही. भाषांची अधिकृत माहितीपुस्तिका संगणकावर फुकट आणि अद्ययावत मिळते. ध्वनिचित्रफिती अगणित आहेत. आणि सांगितले ते लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आता हाताशी आहेत. परंतु माहितीपुस्तिका हा शब्दकोश आहे, आणि शब्दकोश वाचून भाषा आलेला माणसू विरळाच. कृत्रिम साधने उत्तर देतात. पण त्यांचे शिक्षणही जुन्या-नव्या मजकुराच्या सरमिसळीवरच झालेले असल्याने उत्तरातील शिळे कोणते हे ओळखण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावरच राहते. आधी काय आणि मग काय, हा क्रम चांगले पुस्तक देते. ज्याला काय विचारावे हेच ठाऊक नाही, त्याला या क्रमाची गरज सर्वांत अधिक असते.

शिवाय या विषयाचा गाभा समजला जातो त्यापेक्षा पुष्कळच टिकाऊ आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत १९८९ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून वेब उभे राहिले आणि १९९३ मध्ये सर्नने ते सर्वांसाठी खुले केले. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषणाचे जे नियम, म्हणजे एचटीटीपी, १९९६ मध्ये लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाले, त्यांतील मूळ व्यवहार २०२२ च्या दस्तऐवजातही ओळखू येतो. मागणी करावी, उत्तर मिळावे, आणि उत्तर देताच सर्व्हरने मागणाऱ्याला विसरून जावे, असा हा व्यवहार आहे. या विस्मृतीवर तोड म्हणून १९९४ मध्ये ‘कुकी’ आली. पूर्वी बँकेत धनादेश दिल्यावर हाती पितळी बिल्ला पडे आणि तो दाखवल्याविना रोखपाल ओळख देत नसे. कुकीचे काम नेमके तेच. हा बिल्ला चोरीस गेला तर काय, बनावट असला तर काय, या प्रश्नांतून सुरक्षिततेचे अर्धे शास्त्र उलगडते. डेटाबेसच्या सारण्यांमागील सिद्धांत तर एडगर कॉड यांच्या १९७० च्या निबंधाइतका जुना आहे. यांवरची प्रकरणे झिजली तरी फार सावकाश झिजतात.

या हिशेबाने पाहिले तर आपल्या ग्रंथालयांची खरेदी बरोबर उलटी चालते. अभ्यासक्रमात एखाद्या भाषेचे नाव आणि आवृत्ती छापली जाते. अभ्यासक्रम कित्येक वर्षे बदलत नाही. त्या नावाच्या पुस्तकाच्या वीस-पंचवीस प्रती अनुदान परत जाऊ नये म्हणून मार्चअखेर घेतल्या जातात. आणि दाखल नोंदवहीत क्रमांक पडेपर्यंत त्यांतील झटपट झिजणारा भाग झिजू लागलेला असतो. निर्लेखनाची कटकट नको म्हणून ती पुस्तके कपाटातच राहतात. उलट मूलतत्त्वांचे महागडे पुस्तक ‘अभ्यासक्रमात नाही’ या शेऱ्यानिशी परत जाते. झिजणारी वस्तू घाऊक घ्यायची आणि टिकणारी नाकारायची, असा व्यवहार एखाद्या किराणा दुकानदाराने केला तर त्याचे दुकान वर्षभरही चालणार नाही.

मराठीचा प्रश्नही येथेच येतो. सत्तरीच्या दशकात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवीच्या विषयांवर मराठी ग्रंथ काढले. त्यांच्या परिभाषेची थट्टा झाली, पण अर्थशास्त्र मराठीत मांडता येते हे त्यांनी दाखवून दिले. वेबच्या बाबतीत प्रत्येक नव्या आवृत्तीचे मराठी पुस्तक काढण्याचा हट्ट व्यर्थ ठरेल. भाषांतर छापखान्यात असतानाच मूळ बदलेल. मात्र मागणी आणि उत्तर, कुकी, सारण्या, नाव आणि हुकूम यांतील भेद या गोष्टी मराठीत नीट समजावणारे एक चांगले पुस्तक दीर्घकाळ कामी येईल. इंग्रजी वाक्यरचनेशी झगडण्यात ज्याची निम्मी शक्ती खर्च होते, त्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला गाभा आपल्या भाषेत मिळाला, तर उरलेली माहितीपुस्तिका तो इंग्रजीतूनच वाचून काढील. त्याची शब्दसंपत्ती मर्यादित असते आणि वाक्येही बहुधा आखूड असतात.

कपाटात पडून राहिलेल्या पुस्तकांचाही उपयोग आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत आज जर्नलातील पाठ केलेली आज्ञावली पुन्हा टाइप करवून घेण्याची प्रथा आहे. त्याऐवजी विद्यार्थ्याच्या हाती पंधरा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील एक पान द्यावे आणि तीन तासांत ते उदाहरण आजच्या संगणकावर चालते करून, त्यातील धोका शोधून तो दूर करण्यास सांगावे. त्यासाठी नवे अनुदान लागणार नाही. पुस्तके ग्रंथालयात आहेतच.