बंदुकीची पुष्पिका

या सदरात आजवर मी पोथ्यांविषयी लिहिले, शब्दांविषयी लिहिले, क्वचित उत्तरपत्रिकांविषयीही लिहिले. बंदुकीवर लिहिण्याची पाळी येईल असे मला वाटले नव्हते, वाचकांनाही वाटले नसेल. परंतु २०२३ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे पेनसिल्व्हानियात गेलो, आणि तिच्या तळघरातल्या टेबलावर, तपकिरी चिकट वंगणात माखलेली एक लष्करी रायफल आडवी पडलेली पाहिली.

सैन्यातून मोडीत निघालेल्या बंदुका तिकडे विकत मिळतात. मेहुण्यांनी ही एका बाजारातून आणली होती. विकणाऱ्याने सांगितले होते, ‘ब्रिटिश आहे, सगळे आकडे जुळतात.’ ब्रिटिश म्हणजे थ्री-नॉट-थ्री असे धरून मेहुण्यांनी काडतुसांचा डबाही आणून ठेवला होता.

“दादा, उद्या मैदानावर नेऊन उडवू,” ते म्हणाले.

“उडवाल, पण आधी वाचा तरी!” मी म्हणालो.

व्हिसावर आलेल्या पाहुण्याने तिथे बंदूक हाताळू नये, असा कायदा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद असतील, पण मी काही शिकारी नव्हे. म्हणून मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि मेहुणे केरोसीनच्या फडक्याने एकेक भाग पुसू लागले. (लाकडातले वंगण पाझरावे म्हणून दस्ता ओव्हनमध्ये शेकावा, असाही एक बेत होता. बहिणीने तो एका वाक्यात हाणून पाडला.)

पोथी हाती आली की आम्ही आधी शेवटचे पान उलटतो. लेखनिकाचे नाव, शक, गाव तिथे असते. त्याला पुष्पिका म्हणतात. या जातीच्या बंदुकीची पुष्पिका बोल्टच्या दांडीखाली, दस्त्याच्या मानेवरल्या पोलादी पट्टीवर असते. वंगण निघाले तशी अक्षरे वर आली. मुकुट नव्हता! स्वातंत्र्यापूर्वीच्या हिंदी रायफलीवर मुकुट आणि जी.आर.आय. ही सम्राट जॉर्जची अक्षरे असतात. इथे अशोकस्तंभाचे सिंह होते. खाली आर.एफ.आय., त्याखाली ७.६२ मि.मी., २ए१, आणि साल १९६६.

आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी, ईशापूर, बंगालमधली, हुगळीकाठची. १९६२ च्या चीन युद्धानंतर जुन्या ली-एनफील्डच्या घडणीतच नवे ७.६२ चे काडतूस बसवून ही रायफल तिथे तयार झाली. एवढे समजल्यावर बाकीच्या खुणा भराभर बोलू लागल्या. मॅगझिन चौकोनी, दहाऐवजी बारा गोळ्यांचे. मागच्या नेमपट्टीवर दोन हजारांऐवजी आठशेपर्यंतच आकडे. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रू, हा तर ईशापूरचा खास टाका. थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस यात बसलेच नसते. मेहुण्यांनी डबा मुकाट्याने फडताळात ठेवला.

मी मात्र दुसरीच दोन अक्षरे शोधत होतो. कॉलेजात एन.सी.सी.त असताना आमच्या कवायतीच्या रायफलींवर डी.पी. कोरलेले असे, म्हणजे कवायतीपुरती, हिच्यातून गोळी झाडायची नाही. तशी अक्षरे कुठेही नव्हती. पण बोल्टवरला आकडा आणि नळीमागच्या चौकटीवरला आकडा निराळे निघाले. ‘सगळे जुळतात’ म्हणणाऱ्याने वंगणाखाली पाहिलेच नसावे. पोथीत मधले पान दुसऱ्या हाताचे निघाले तर फार तर पाठभेद होतो. इथे स्फोट मेहुण्यांच्या गालापासून चार बोटांवर होणार, आणि बोल्ट परका असला तर काडतुसामागे फट किती राहते ते डोळ्यांना दिसत नाही. बहीण जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “मग नाहीच उडवायची.” त्या रात्री जेवताना फारसे कोणी बोलले नाही.

शेवटी बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्याने दोन पोलादी मापे काढली. पहिल्यावर बोल्ट मिटायला हवा, दुसऱ्यावर मिटता कामा नये. पहिल्यावर मिटला. दुसऱ्यावर त्याने दोन बोटांनी दांडी हलकेच दाबली. ती अर्ध्यावर थांबली. मग नळीत उजेड धरून त्याने आटे पाहिले आणि मान डोलावली. दुकानातली .३०८ ची जोरदार काडतुसे नकोत, लष्करी ७.६२ चीच घ्या, असेही बजावले.

मैदानावर पहिला बार कोणाच्या खांद्यावरून झाला नाही. रायफल जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि आम्ही लाकडी ओंडक्यांच्या आडोशाला बसलो. बहीणही आली होती. कानावर कर्णरक्षक, त्यावरून तिचे हात. दोरी ओढली. धाड्!

मेहुण्यांनी रिकामे काडतूस उचलून नखाने चाचपले. बुडाजवळ चकचकीत कडे उमटले असते तर पितळ ताणले गेले असे समजायचे. कडे नव्हते. आणखी दोन बार दोरीनेच काढले, तेव्हा कुठे त्यांनी दस्ता खांद्याला लावला. पन्नास यार्डांवर तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या, फक्त नेमाच्या वीतभर वर, डावीकडे.

घरी आल्यावर त्यांनी पॉलिशपेपर काढला. दस्त्यावर पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेला एक आकडा होता, कुठल्याशा शस्त्रागारातला. तो घासून लाकूड चकचकीत करायचे होते. पोथीच्या समासातली शाई कोणी धुऊन काढायला निघावे, तसे मला झाले. मी तासभर बोललो. बहीण म्हणाली, “दादा, हे तुमचे कॉलेज नव्हे.” मेहुण्यांनी पॉलिशपेपर खणात टाकला. मी विमानात बसेपर्यंत तरी तो तिथेच होता.