फोटोपुरता मासा

कॅन्टीनसमोरच्या बोर्डावर ट्रेकिंग क्लबची नोटीस लागलीय, वाचली असेलच. मार्चमध्ये हिमाचलला तीर्थन खोऱ्यात कॅम्प, त्यात एक दिवस ट्राउट फिशिंग, आणि खाली ठळक अक्षरांत : 'सर्वात मोठ्या ट्राउटसोबतच्या फोटोला बक्षीस. मासा नंतर नदीत सोडण्यात येईल.' हे शेवटचं वाक्य वाचून सगळ्यांना कसं बरं वाटतं! मलाही वाटलं असतं. पण गेल्या ऑक्टोबरात मी तीर्थनला जाऊन आलेय, आणि असा 'सोडलेला' एक मासा माझ्या खात्यावर जमा आहे. म्हणून हा लेखप्रपंच. (शाळेत मराठी बोललं की दंड भरावा लागायचा, तेव्हा व्याकरणाच्या चुका पदरात घ्या.)

आधी थोडं बेसिक. फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला गांडूळ लावून काठावर डुलक्या काढणं नव्हे. इथे आमिष म्हणजे हुकवर पिसं, केस, दोरा गुंडाळून बनवलेला नकली किडा. त्याला 'फ्लाय' म्हणतात. त्याला वजन असं जवळजवळ नसतंच, नुसता फेकलात तर पायाशीच पडेल. मग तो दहा-बारा मीटरवर पोचतो कसा? तर वजन दोरीत असतं! नेहमीच्या फिशिंगमध्ये जड आमिष दोरीला ओढत नेतं, इथे दोरी आमिषाला नेते. म्हणून या दोरीला, म्हणजे लाइनला, वजनाप्रमाणे नंबर असतात. पाच नंबरच्या लाइनचे पहिले तीस फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, तीन नंबरचे साडेसहा. रॉड मागे नेऊन एकदम थांबवायचा, लाइन मागे पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे नेऊन पुन्हा एकदम थांबवायचा. थांबवला की वाकलेला रॉड सरळ होतो आणि लाइनचा लूप पुढे पुढे उलगडत जातो. सगळी गंमत त्या थांबवण्यात आहे. ताकद लावली की संपलं. मी पहिला अख्खा तास काठावरच्या झाडांमध्येच मासे पकडत होते.

लाइनच्या पुढे निमुळता होत जाणारा लीडर, आणि त्याच्या टोकाला सगळ्यात बारीक धागा, टिपेट. माझी सगळी स्टोरी या टिपेटवर अडकलीय. याच्या जाडीला 'एक्स' लावतात. फंडा सोपा आहे : ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, की जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते. ५ एक्स म्हणजे सहा, ७ एक्स म्हणजे चार. मटेरियल तेच असेल तर ताकद क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे ५ एक्स हा ७ एक्सच्या सव्वादोन पट मजबूत. एवढं तर आपल्याला फर्स्ट इयरलाच येतं.

तरीही मी ७ एक्स लावला. का? तर कुठेतरी वाचलं होतं की टॅकल जितकं नाजूक तितका खेळ 'स्पोर्टिंग', माशाला 'फेअर चान्स' मिळतो. चंदीगडला असणाऱ्या माझ्या चुलत भावाकडून, म्हणजे दादाकडून, तीन नंबरचा हलकाफुलका रॉड आणला होता. आमचे गाइड काका म्हणाले, "पाँच लगाओ बेटा, ये पानी तेज़ है." मी मान डोलावली आणि सातच ठेवला. वायवाला नाही का, सर सांगतात ते ऐकायचं आणि आपल्या मनातलंच लिहून यायचं!

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण जेवण तिकडून वाहत येतं. पण फुकट दमायला त्याला परवडत नाही. म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, जिथे वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहतं, त्या शिवणीवर थांबतो. आपण त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने जायचं आणि फ्लाय त्याच्या वरच्या बाजूला टाकायची. ती पाण्याच्याच वेगाने वाहत आली पाहिजे. मधल्या जोरदार धारेने लाइन ओढली की फ्लाय सुळकन् घसरते, आणि बाकीचे किडे निवांत वाहत असताना एकच पळतोय हे ट्राउटला बरोब्बर कळतं. त्यासाठी लाइन पाण्यावर पडल्या पडल्या तिचा मधला भाग उचलून वरच्या बाजूला टाकायचा, याला मेंडिंग म्हणतात. काकांनी मला फेझंट टेल निम्फ दिली होती. इंग्लंडमधल्या फ्रँक सॉयर नावाच्या नदीरक्षकाची ही आयडिया : फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि बारीक तांब्याची तार, बस्स. तारेच्या वजनाने ती बुडते आणि पाण्याखालच्या अळीसारखी दिसते. इतकी साधी डिझाइन मी आमच्या डिझाइनच्या पुस्तकातही पाहिलेली नाही.

चौथ्या वेळेला लाइन थबकली. फूटभर ब्राऊन ट्राउट!

आता खरी गोष्ट. ७ एक्स तुटेल या भीतीने मला ओढताच येईना. मासा धारेत जाई, मी सोडत जाई. वर मी रॉड डोक्यावर उभा धरलेला, कारण फोटोंमध्ये सगळे तसाच धरतात. मेकॅनिक्सवाल्यांनो, विचार करा : मनगट देऊ शकतं तो मोमेंट ठरलेला, आणि उभ्या रॉडला आडवी ओढ म्हणजे लिव्हर आर्म जवळपास अख्ख्या रॉडएवढा. म्हणजे माशावर लागणारा फोर्स अगदी थोडा. रॉड खाली, बाजूला झुकवून धरला तर वाक बुडाकडच्या जाड भागात येतो, आर्म कमी होतो, तेच मनगट जास्त ओढ देतं, आणि बाजूने ओढल्यामुळे माशाचा तोलही जातो. हे मला नंतर समजलं. तेव्हा आठ-नऊ मिनिटं मी त्या बिचाऱ्याला दमवत राहिले. मग फोटो. एक उन्हाच्या विरुद्ध आला, एकात माझे डोळे मिटलेले, "थांब थांब, अजून एक." मिनिट-दीड मिनिट तो हवेत होता. पाण्यात सोडला तेव्हा शेपटी हलवत गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने खालच्या डोहात तोच मासा पोट वर करून तरंगत होता. काकांनी उचलून दगडावर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. काहीच बोलले नाहीत.

हॉस्टेलवर येऊन वाचत बसले. कॅनडातल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांचा १९९२ चा एक पेपर आहे. त्यांनी रेनबो ट्राउट पार दमेपर्यंत पळवले. नुसते दमवलेल्यांतले १२ टक्के बारा तासांत मेले. दमवून तीस सेकंद हवेत ठेवलेल्यांतले ३८ टक्के. साठ सेकंदवाले ७२ टक्के! कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे पाण्यात तरंगत पसरलेले असतात, हवेत ते एकमेकांना चिकटतात, आणि नेमकं जेव्हा ऑक्सिजन सर्वात जास्त हवा तेव्हाच तो बंद होतो. हे मासे प्रयोगशाळेतले होते, नदीतल्या नंतरच्या अभ्यासांत मृत्यू बरेच कमी दिसलेत, हेही सांगायला हवं. पण माझ्या माशाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : नाजूक टॅकल म्हणजे माशाला 'फेअर चान्स' हे साफ चूक. त्यात शौर्य मिरवायला मिळतं आपल्याला, बिल भरतो मासा. पाणी अगदी नितळ आणि संथ असेल, तर बारीक टिपेटने फ्लाय नैसर्गिक वाहते हे मान्य. तीर्थनच्या उसळत्या पाण्यात त्याची गरजच काय? दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे दादाचा पाच नंबरचा रॉड आणि ५ एक्स घेतला. दोन मासे लागले, दोन्ही दोन मिनिटांच्या आत जाळीत आले, आणि हुक काढल्यावर हात ओले करून निघाले.

यावर रूममेट म्हणाली, "ट्राउट काय आपला मासा आहे का? ब्रिटिशांनी आणलेला!" खरंय. १९०० मध्ये स्कॉटलंडहून अंडी काश्मीरला आली, तिथून १९०९ मध्ये कुलूला. 'स्नो ट्राउट' म्हणतात तो मूळचा हिमालयी मासा तर ट्राउटच नव्हे, तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. परदेशी मासा नको असेल तर तसं उघड म्हणा, परवान्याच्या नियमात राहून पकडा आणि खा. नोटिशीवर 'सोडण्यात येईल' लिहून मारू नका.

आमच्या मालवणच्या आजीचा मुद्दा त्याहून कठीण. ती फोनवर एवढंच म्हणाली, "सोडलंस? मगे गेललंस कित्याक?" याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. पाण्यात गुडघाभर उभं राहून तास-तास नदी वाचणं मला प्रचंड आवडलं, हे खरं. पण त्यासाठी माशाच्या तोंडात हुक हवाच का, हे आजीला पटवून सांगणं मला जमत नाही.

क्लबकडे मात्र मागणी आहे. फोटोचं बक्षीस रद्द करा. सगळ्यांना पाच नंबरचे रॉड आणि ४ किंवा ५ एक्स द्या, हुकचे उलटे काटे पकडीने दाबून टाका, रबरी जाळी घ्या, आणि मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. सेक्रेटरी म्हणतो, "मग सर्वात मोठा कुणाचा, प्रूफ काय?" अरे बाबा, जाळीच्या दांड्यावर इंचाच्या खुणा करा, मासा पाण्यातच मोजा, गाइडची सही घ्या. आपण सबमिशनला याहून कमी प्रूफवर सह्या मिळवतो.

आणि फोटोच हवा असेल तर माझा आहे मोबाइलमध्ये. ऊन छान पडलंय, लाल ठिपके दिसताहेत, मी दात काढून हसतेय. बारा इंच.