कडबा म्हणजे काडीकचरा नव्हे!

बाजारातून आलेल्या माणसाला ज्वारी काय भावानं गेली, हे सगळेच विचारतात. कडब्याचा शेकडा कितीला गेला, हे मात्र ज्याच्या दावणीला जनावर आहे तोच विचारतो. ज्वारी टिकणार की जाणार, याचं खरं उत्तर या दुसऱ्या प्रश्नात आहे, असं आमचं मत आहे.

सोलापूर जिल्हा म्हणजे रब्बी ज्वारीचं माहेर आणि मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. मोहोळला निवडलेली मालदांडी, म्हणजेच एम ३५-१, पाऊणशेहून अधिक वर्षं झाली तरी शिवारातून हटलेली नाही. का हटली नाही? कारण आपला शेतकरी एका पेरणीत दोन पिकं मोजतो. कणसातलं माणसाचं आणि ताटातलं जनावराचं. वजनात पाहिलं तर कडबा धान्याच्या दुपटीच्या आसपास भरतो. मालदांडीचा पांढरा, गोडसर कडबा गुरं आवडीनं खातात, धसकटापर्यंत ठेवत नाहीत.

१९६४ साली सी.एस.एच. १ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. बुटक्या ताटाच्या ‘हायब्रीड’नं दाणा भरपूर दिला, हे कबूल करायलाच हवं. पण कणसं पावसात सापडली की दाणा काळा पडायचा, आणि कडबा हाती लागायचा तोही कमीच. पुढे खरिपातली ज्वारी सोयाबीन आणि कपाशीनं मागं ढकलली. आता रब्बीचं क्षेत्रही आकसत चाललं आहे.

१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून लाल मिलो आली आणि माणसं कशीबशी जगली. पण वैरण काही बोटीतून आली नाही. दावणीच्या दावणी मोकळ्या झाल्या. २०१३ आणि २०१९ सालीही छावण्या उघडाव्या लागल्या आणि जनावरांना उसावर दिवस काढावे लागले. धान्य बाहेरून आणता येतं, वैरण शिवारातच पिकावी लागते, हा धडा आपण किती वेळा गिरवणार?

पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा जाळतात आणि त्याच्या धुरानं दिल्लीचा श्वास कोंडतो. आपल्याकडे उसाचं पाचट अजूनही पेटवलं जातं. ज्वारीचा कडबा मात्र कुणी जाळत नाही, त्याची गंज रचतात. कुट्टी करून घातला तर नासाडी कमी होते. गुरांनी खाल्लेल्याचं शेण होतं, शेणाचं खत होऊन रानात परत येतं. गव्हाणीत उरलेली बुडखी उकिरड्यात कुजतात किंवा डाळिंब-बोरीच्या आळ्यात आच्छादन म्हणून चालतात. त्यानं ओल टिकते, तणही दबतं. कडब्याचे तुकडे भिजवून, गरम पाण्यातून काढून त्यावर धिंगरी अळिंबी घेता येते आणि उरलेल्या चोथ्याचं खत होतं. काहीच वाया जात नाही. पर्यावरणाच्या गप्पा आत्ता सुरू झाल्या, आपल्या म्हाताऱ्या माणसांनी हे कधीच करून ठेवलं.

मग शेतकरी ज्वारी सोडतोय कशासाठी? चवीसाठी नव्हे, काढणीसाठी! उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, मळणी करायची, गंज रचायची; एवढ्याला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. पूर्वी सावड असायची, तीही मोडली. कम्बाइन हार्वेस्टर घातला तर दाणा निघतो, पण कडब्याचा चुरा होतो. म्हणजे निम्मं पीक रानातच गेलं.

२०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष झालं. भाकरीचे गोडवे गायले गेले, ‘श्रीअन्न’ असं नावही मिळालं. कडब्याविषयी मात्र कुणी फारसं बोललं नाही. २०२५-२६ च्या हमीभावात संकरित ज्वारीला क्विंटलला ३६९९ आणि मालदांडीला ३७४९ रुपये, म्हणजे फरक अवघा ५० रुपयांचा. एवढ्यावर कोण काढणीच्या भानगडीत पडेल?

तेव्हा आमचं म्हणणं असं की, उंच ताटाची ज्वारी कापून तिची पेंढी बांधील असं यंत्र गावोगाव भाड्यानं मिळालं पाहिजे. सुगीच्या वर्षात कडबा स्वस्त होतो तेव्हाच सरकारनं तो विकत घेऊन तालुक्याला चारा डेपो भरून ठेवावेत. दुष्काळात छावण्यांवर पैसा ओतण्यापेक्षा ते शहाणपणाचं ठरेल. आणि वाण निवडताना दाण्याइतकाच कडबाही तोलला जावा.

शेतकऱ्यांनीही आपल्या बाजूनं काही करायला हवं. राहुरीच्या विद्यापीठानं हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा असे वाण दिले आहेत. जमीन बघून वाण घ्या. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाफशावर पेरणी उरका. कोळपणी चुकवू नका, भेगा बुजल्या तरच ओल राहते. काढणीला चार घरांनी मिळून पुन्हा सावड धरा. दूधवाल्यांनी महागड्या पेंडीची गोणी उचलण्याआधी आपल्याच शिवारातल्या कडब्याचा हिशोब मांडावा.

ज्वारी गेली तर भाकरीला रेशनचा गहू आहे, असं म्हणून भागेल. पण जनावरापुढे काय टाकणार? दावणीला बांधलेल्या मुक्या जिवाला रेशनकार्ड नसतं, हे आपण ध्यानात ठेवलेलं बरं.