मेळाव्याच्या यादीत नसलेली नावे

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की महाराष्ट्रातील अनेक गावांत आणि तालुक्यांच्या ठिकाणी एका निराळ्याच उत्सवाची तयारी सुरू होते. कुठल्याशा हायस्कुलातून तीस, चाळीस किंवा पन्नास वर्षांपूर्वी बाहेर पडलेली माणसे एकमेकांचा ठावठिकाणा शोधू लागतात. कोणी बँकेतून निवृत्त झालेला असतो, कोणी जिल्हा परिषदेत कारकुनी करून थकलेला, तर कोणी मुलाकडे परदेशी राहून नुकताच परतलेला. वर्गणी ठरते, शाळेचे सभागृह मागितले जाते, हयात असलेल्या गुरुजनांची चौकशी होते, शाली-श्रीफळांचा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्ष मेळावा एका दिवसाचा. परंतु त्याच्या आधी दोन-तीन महिने आठवणींची जी देवघेव चालते, तिची गोडी त्या दिवसालाही नसते. पूर्वी ती पोस्टकार्डांतून आणि एस.टी. स्थानकावरच्या अवचित भेटींतून होत असे. आता व्हॉट्सॲपच्या गटात होते. साधन बदलले, ओढ तीच आहे.

या ओढीला हसण्याचे कारण नाही. साठी उलटलेल्या माणसाला अरेतुरेने हाक मारणारी माणसे या जगात फारशी उरलेली नसतात. घरी तो आजोबा असतो, गल्लीत काका असतो आणि कचेरीत खुर्ची होती तोवर साहेब असतो. त्याची सारी बिरुदे बाजूला सारून त्याला जुन्या टोपणनावाने पुकारण्याचा अधिकार फक्त आठवीच्या वर्गात त्याच्या शेजारी बसलेल्याला. म्हणून शाळेच्या दारात टांगलेला तो रुळाचा तुकडा आणि त्यावर शिपायाने दिलेले ठोके, व्हरांड्यातील रांजणाचे गार पाणी, मधल्या सुट्टीत अदलाबदल केलेली भाकरी आणि ठेचा, स्नेहसंमेलनातील नाटकात ऐन वेळी सुटलेली मिशी, असे प्रसंग पुनःपुन्हा सांगितले जातात आणि दर खेपेला त्यांत थोडी भर पडते. मिशी कोणाची सुटली होती यावर दोन मते निघतात, आणि तीही हिरिरीने मांडली जातात. यात कोणाचे काही बिघडत नाही.

मात्र या आठवणी ज्यांच्या तोंडून येतात ती माणसे कोण, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. मेळाव्याची यादी तयार होते ती बहुधा शालान्त परीक्षेच्या निकालावरून, किंवा निरोप समारंभाच्या वेळी काढलेल्या छायाचित्रावरून. म्हणजे शेवटच्या दिवशी जे वर्गात होते, तेच त्या वर्गाचे विद्यार्थी ठरतात. पहिल्या दिवशी ज्यांनी हजेरीला ‘हजर’ म्हटले, पण शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांची पावले शाळेकडे वळू शकली नाहीत, ते या आठवणींत नसतात. विसरले म्हणून नव्हे. यादीच अशा जागी सुरू होते की तिच्यात त्यांना जागा मिळू शकत नाही.

याचे एक ठळक उदाहरण एका विशिष्ट पिढीच्या मेळाव्यांत पाहायला मिळते. राज्यात शिक्षणाचा १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि मार्च १९७५ मध्ये दहावीच्या वर्गाने पहिल्यांदा शालान्त परीक्षा दिली. २०२५ साली त्या घटनेला ५० वर्षे पूर्ण झाली. ‘आम्ही पहिल्या दहावीचे’ असे या पिढीतील माणसे अजूनही अभिमानाने सांगतात. नवी पुस्तके, नवे गणित, अनुभवी शिक्षकांचीही उडालेली तारांबळ, या त्यांच्या खास आठवणी. पण हीच मुले आठवीत दाखल झाली ती जून १९७२ मध्ये, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला ते साल वेगळ्या कारणाने स्मरते.

त्या वर्षी पाऊस आला नाही. विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या किमतीला गेली, शिधापत्रिकेवर परदेशातून आलेला तांबडा मिलो खाण्याची पाळी आली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना आणि माती वाहणाऱ्यांना सुकडी वाटली गेली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. खेड्यातील शाळा त्या काळी बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंतच असे. आठवीसाठी दोन-तीन कोस चालत मोठ्या गावच्या हायस्कुलात यावे लागे. घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असणे म्हणजे कामावर आणखी दोन हात असणे, हा हिशेब आईबापांनी आनंदाने केला नाही. पण करावा लागला. अशा रीतीने जूनमध्ये भरलेला आठवीचा वर्ग पुढच्या जूनमध्ये नववीचा झाला तेव्हा काही बाके मोकळी झाली होती. उरलेल्यांनी सरकून बसून ती भरून काढली, आणि पुढे पन्नास वर्षांनी जमताना त्यांच्या स्मरणात ती भरलेलीच राहिली.

पुढच्या पिढ्यांनाही आपापले १९७२ भेटले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि संप लांबत गेला तशी गिरणगावातील कित्येक बिऱ्हाडे कोकणात आणि घाटावर गावाकडे परतली. लालबाग-परळच्या शाळांतून वर्षाच्या मध्येच दाखले काढले गेले. त्या मुलांपैकी काहींना गावच्या शाळेत प्रवेश मिळाला, काहींनी मुंबईतच राहून एखाद्या उपाहारगृहात किंवा छापखान्यात काम धरले. १९८२ किंवा १९८३ च्या दहावीचा मेळावा भरतो तेव्हा ही मुले दोन्हीकडे नसतात. मुंबईच्या शाळेला ती गेलेली वाटतात आणि गावच्या शाळेला आलेलीच नसतात.

मुलींची गोष्ट याहून साधी आणि याहून कठीण आहे. त्यांच्या गळतीला दुष्काळ वा संप लागत नसे. स्थळ आले, धाकटे भावंड सांभाळायला घरी कोणी नाही, हायस्कूल लांब आहे, एवढे पुरेसे होते. ज्या शेवटपर्यंत शिकल्या त्यांचाही शोध मेळाव्याच्या वेळी लवकर लागत नाही, कारण लग्नानंतर आडनाव बदलते आणि पुष्कळदा नावही. मग गटात एक दिवस कोणी तरी लिहितो, ‘मुलींचे पत्ते मिळत नाहीत.’ माहेरच्या गावी जाऊन भावाला विचारले तर पत्ता मिळतो. मात्र तेवढी वाट चालायला कोणी तरी निघावे लागते.

गळालेल्यांची आणखी एक जात आहे. ती शाळेने स्वतःच घडवलेली. गुणांच्या उतरंडीने ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा तुकड्या पाडण्याची पद्धत कित्येक शाळांत दीर्घकाळ होती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ या २००२ सालच्या चित्रपटाने तिच्याकडे समाजाचे लक्ष वेधले होते. ‘अ’ तुकडीच्या मेळाव्यात छडीचे, अंगठे धरून उभे राहण्याचे, डस्टर फेकून मारणाऱ्या गुरुजींचे किस्से खदाखदा हसत सांगितले जातात. हसता येते, कारण त्या माराच्या पुढे नोकरी आली, घर आले, मानमरातब आला. मार पदरात पडला आणि फळाला आला असे म्हणता येते. त्याच छडीने ज्याने शाळेचा रस्ता सोडला, त्याच्यापाशी ती आठवण विनोदाचे रूप घेऊन राहिलेली नाही. एकाच वर्गातील दोन मुलांना एकाच दिवशी मिळालेली शिक्षा पन्नास वर्षांनी एकाला गंमत वाटते आणि दुसऱ्याला सांगावीशीही वाटत नाही. आठवणींचा फड रंगलेला असताना ही दुसरी बाजू सांगणारा तेथे हजर नसतो. शिक्षकांनाही ती कळत नाही. त्यांच्या वाट्याला शाल येते आणि गौरवाची भाषणे येतात.

नापास झालेल्यांविषयी काय बोलावे! मार्चमध्ये एका विषयात गेलेला मुलगा ऑक्टोबरच्या परीक्षेला बसे आणि तेव्हापासून त्याच्या नावामागे ‘ऑक्टोबरवाला’ हे विशेषण चिकटे. काहींनी शाळा सोडून वर्षानुवर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि दिवसभर काम करून रात्री अभ्यास करीत परीक्षा दिली. ते कोणत्या वर्षाच्या तुकडीचे? निकालाच्या कागदावर त्यांचे साल वेगळे असते, म्हणून आपल्या सोबत्यांच्या यादीत ते बसत नाहीत. आणि ज्यांच्याबरोबर ते उत्तीर्ण झाले त्यांना ते ओळखत नाहीत. चिकाटीचे खरे धडे त्यांच्यापाशी असताना चिकाटीवरची भाषणे मात्र इतरांनी करावयाची!

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. आयुष्यभर राबून थकलेली माणसे एक दिवस जुन्या सवंगड्यांत हसायला जमतात. तेथे दुष्काळ आणि गळती आणून त्यांच्या आनंदावर विरजण का घालावे? शिवाय ज्यांची शाळा सुटली त्यांना या समारंभात यावेसे तरी वाटेल काय? मोटारीतून उतरणाऱ्या वर्गबंधूंसमोर उभे राहून ‘सध्या काय करतोस’ या प्रश्नाला उत्तर देण्याची हौस कोणाला असेल?

दुसऱ्या शंकेचे उत्तर तिच्यातच आहे. संकोच वाटतो तो शाळेचा नव्हे, त्या प्रश्नाचा. बहुतेक मेळाव्यांचा अर्धा दिवस ‘परिचय’ नावाच्या ज्या कार्यक्रमात जातो, त्यात हुद्दे, मुलांच्या पदव्या आणि त्यांची परदेशी गावे यांचीच यादी वाचली जाते. तो कार्यक्रम गाळला आणि प्रत्येकाने आपण कोणत्या बाकावर आणि कोणाच्या शेजारी बसत होतो एवढेच सांगावे असे ठरविले, तर ऊसतोडीहून आलेला आणि उपसचिवपदावरून निवृत्त झालेला हे दोघेही सारख्याच अधिकाराने बोलू शकतील. वर्गणीचेही तेच. दोन-तीन हजारांचा आकडा गटात जाहीर झाला की कित्येकांची उपस्थिती तेथेच निकालात निघते. ते कारण सांगत नाहीत, ‘घरी कार्य आहे’ असे कळवतात. ज्यांना देता येते त्यांनी अधिक द्यावे आणि हिशेब दोघांपुरता ठेवावा, ही गोष्ट अवघड नाही. पंखे, संगणक, जलशुद्धीकरण यंत्र अशी भेट शाळेला देणाऱ्या मंडळींना तर मुळीच नाही.

आनंदावर विरजण पडेल या भीतीला मात्र फारसा आधार नाही. सातवीपर्यंत ज्याच्या सोबतीने ओढा ओलांडला, ज्याच्या पाटीवर आपले गणित उतरवून घेतले, तो मेळाव्यात भेटल्याने कोणाचा आनंद उणावेल? उलट पुष्कळ आठवणींचा दुसरा साक्षीदार तोच असतो. गुरुजींनी परीक्षेची फी स्वतःच्या खिशातून कोणाकोणाची भरली, फीमाफीच्या अर्जावर सही करताना मुख्याध्यापक काय म्हणाले, हे ज्यांना गरज होती त्यांनाच ठाऊक असते. गौरवाच्या भाषणांत येणाऱ्या ‘आदर्श’ आणि ‘तपस्वी’ या शब्दांपेक्षा वृद्ध शिक्षकाला ती एक हकीकत अधिक मोलाची वाटेल.

नावे शोधण्याची सोय शाळेतच आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर नावाची जाड, कापडी पाठीची नोंदवही असते. शाळेच्या दप्तरातील कायम जतन करावयाच्या कागदांत तिची गणना होते. दाखल झालेल्या प्रत्येक मुलामुलीचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, मूळ गाव, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचे कारण तिच्यात ओळीने लिहिलेले असते. कारणाचा रकाना अरुंद आहे. ‘सतत गैरहजर’, ‘पालकांची विनंती’, ‘नाव कमी केले’ याहून जास्त त्यात मावत नाही. ‘सतत गैरहजर’ या दोन शब्दांच्या मागे खडीचे ढीग होते, धाकटी बहीण होती की नुसतीच एका विषयाची धास्ती, हे लिहिणाऱ्या कारकुनाने विचारले नाही. विचारून लिहायला त्याच्यापाशी जागाही नव्हती. परंतु गावाचे नाव त्याने स्पष्ट अक्षरात लिहिले आहे, आणि पत्ता काढायला आज तेवढे पुरते.

पटसंख्येअभावी ज्या शाळा बंद पडण्याच्या किंवा दुसऱ्या शाळेत विलीन होण्याच्या वाटेवर आहेत, तेथे हे काम लवकर व्हायला हवे. दप्तर हलले की जुन्या नोंदवह्या कोणत्या कपाटात गेल्या हे सांगणारा माणूस राहत नाही. जून १९७२ मध्ये आठवीत बसलेली मुले आता सदुसष्टीच्या आसपास आहेत. मुख्याध्यापकांच्या नावे एक अर्ज, माहितीचा उपयोग केवळ मेळाव्याच्या निमंत्रणासाठी होईल अशी हमी, आणि कार्यालयात एक दुपार बसून नावे उतरवून घेणारे दोघे जण, एवढेच यासाठी लागते. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे कार्यालय बंद असते. त्यामुळे ही दुपार सुट्टी लागण्यापूर्वीची असावी लागेल.