खड्डा तोच, रोप नवे

आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारापासून ग्रंथालयापर्यंत उजव्या हाताला खड्ड्यांची एक रांग आहे. दर वर्षी जुलै महिन्यात, वनमहोत्सवाच्या आठवड्यात, तेथे वृक्षारोपण होते. पाहुणे येतात, नारळ फुटतो, भाषणे होतात, छायाचित्र निघते. पुढच्या वर्षी पाहुणे बदलतात, रोपे बदलतात. खड्डे मात्र तेच असतात.

गेल्या जुलैमधील छायाचित्रात राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका म्हणून मीही उभी आहे. त्या दिवशी आम्ही पन्नास रोपे लावली. फेब्रुवारीत एके दिवशी तास नव्हता म्हणून मी ती मोजली. अकरा जिवंत होती. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे, त्यातील दोषाचा एक वाटा माझाही आहे, हे आधीच कबूल करते.

क. मा. मुन्शी केंद्रात अन्न व कृषिमंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला. त्यासाठी जुलै निवडला गेला हे योग्यच आहे. ओल्या जमिनीत रोप लवकर धरते. पण पाऊस रोपाला फक्त आरंभ करून देतो. आमच्या लातूर जिल्ह्यात रोपाची खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे या काळात असते. नेमकी त्याच वेळी आमचीही परीक्षा असते आणि ती संपली की सुट्टी! आपण गावी जातो. झाडाला उन्हाळ्याची सुट्टी नसते, हे आपल्या कोणत्याच वेळापत्रकात लिहिलेले नाही.

कोणी म्हणेल, पाणीच नाही तर मुले काय करणार? हा प्रश्न मला चांगला माहीत आहे. २०१६ च्या दुष्काळात मी प्राथमिक शाळेत होते. शाळेतून आले की दप्तर टाकायचे आणि घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूर शहराला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. पाण्याची रेल्वे पाहायला माणसे लोटली होती.

यंदा आम्ही पाचसहा मैत्रिणींनी टेप घेऊन मुख्य इमारत मोजली. लांबी पन्नास मीटर, रुंदी वीस मीटर. म्हणजे छप्पर एक हजार चौरस मीटरचे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हिशोब इतका सोपा आहे की कला शाखेच्या मुलींनाही जमला! वर्षात अवघा पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तरी या एका छपरावर पाच लाख लिटर पाणी पडते. जी रेल्वे मिरजेहून आली, तेवढेच पाणी आपल्या डोक्यावर पडून गटारात जाते. पहिल्या सरींचे आणि उन्हाने उडालेले वजा केले, तरी चार लाख लिटर उरावे. हे पाणी गाळून आटलेल्या बोअरमध्ये सोडावे किंवा हौदात साठवावे. पन्हळी आणि पाइप विकत घेणे आम्हा विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारे नाही. ते काम व्यवस्थापनाचे आहे. पण हिशोब करून देणे आमचे काम होते, आणि ते आजवर आम्ही केले नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून लहान. पिण्याच्या पाण्याच्या टाकीची एक तोटी सतत गळत असे. तिच्याखाली पंधरा लिटरची बादली ठेवून आम्ही घड्याळ लावले. एका तासात बादली भरली. दिवसाचे तीनशे साठ लिटर! माझ्या घरी सहा माणसे आहेत. दुष्काळात एवढ्या पाण्यावर आम्ही तीन दिवस काढले असते. शिपाईमामांना सांगितले, तर ते म्हणाले, "बाई, अर्ज द्या." आम्ही अर्ज दिला. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहिला आणि तीन आठवड्यांनी काही रुपयांचे वायसर बसले. त्या तीन आठवड्यांत आम्ही गळणारे पाणी बादल्यांनी त्या अकरा रोपांना घातले. जाता-येता मुले हसत. एकीने विचारले, "नोकरी लागली का गं माळ्याची?"

त्याहून जास्त मला घरचे बोलणे लागले. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आईने दुसऱ्याच्या रानात खुरपून माझी फी भरली आहे. माझ्या हाताचे घट्टे पाहून ती म्हणाली, "पाणी वाहायला कालिजात घातलं का तुला? ते तर हितंबी होतंच की."

या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. आई चुकीचे बोलली नव्हती. ज्यांच्या घरी नळ आहे, त्यांना एक दिवस बादली उचलणे हौसेचे वाटते. ज्यांच्या पिढ्या पाणी वाहण्यात गेल्या, त्यांनी मुलीला शिकायला धाडले ते त्या बादलीतून सुटावी म्हणूनच. श्रमदानाची भाषणे करणाऱ्यांनी ही गोष्ट कधी तरी ध्यानात घ्यावी. आवाराची झाडलोट करणाऱ्या मावशींना रोज खराटा धरावा लागतो. त्यांचे छायाचित्र कोणी काढत नाही.

आज मी आईला एवढेच सांगेन : गावी मी पाणी वाहिले, पण ते का आटले हे विचारले नाही. येथे मी बादली उचलली, घड्याळ लावले, हिशोब मांडला, अर्ज लिहिला, आणि तोटी दुरुस्त झाली. शिक्षणाने माझ्या हातची बादली सुटली नाही हे खरे. पण तोंडात प्रश्न आला.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्देशामुळे पर्यावरण हा विषय महाविद्यालयांत सक्तीचा झाला. त्या विषयाच्या प्रकल्पाचे आपण काय करतो, ते गुरुजनांपासून लपलेले नाही. मी वरच्या वर्गातील ताईची वही आणून पंचगंगेच्या प्रदूषणावर वीस पाने उतरवली. पंचगंगा कोल्हापूरला आहे. मी ती पाहिलेलीही नाही. मला गुण मात्र उत्तम मिळाले!

म्हणून प्राध्यापकांना विनंती, की प्रकल्प या आवारातलाच द्यावा : तोट्या, छप्पर, कचरा, झाडे. उतरवायला वहीच सापडणार नाही. आणि मित्रमैत्रिणींनो, येत्या जुलैमध्ये नवी पन्नास रोपे नकोत. कडुनिंब, करंज, चिंच अशी या मातीत टिकणारी दहाच लावू या. प्रत्येक रोप प्रथम वर्षाच्या पाच जणांकडे द्यावे. त्यांत उन्हाळ्यातही याच गावात राहणारे दोघे तरी असावेत. तीन उन्हाळे जगलेले झाड सहसा स्वतःच्या मुळांवर उभे राहते, आणि पदवीलाही तीनच वर्षे लागतात. पाहुण्यांना बोलवायचे, तर ते तिसऱ्या वर्षी, सावलीत बसायला बोलवावे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कडक ऊन असेल. ग्रंथालयाकडे जाताना उजवीकडे पाहा आणि रोपे मोजा. अकरा भरली, तर आम्ही सुट्टीतही पाणी घालत आहोत असे समजा. कमी भरली, तर जवळच तोटी आहे. आता ती गळत नाही, उघडावी लागते.